दोन मार्कांचं उत्तर

लातुरात त्या वर्षांत ज्याच्याकडे चार पत्रे आणि एक फळा होता, त्याने क्लास काढला होता. गोठ्यातल्या म्हशी विकून लोकांनी तिथे पोरांसाठी खोल्या केल्या होत्या. त्या खोल्यांचं भाडं ऐकून गावाकडून आलेले बाप आधी मटकन खाली बसत आणि मग मुकाट्याने होकार देत. प्रत्येक क्लासच्या पाटीवर बोर्डात आलेल्या मुलाचा फोटो असे, आणि एकच पोरगा तीन वेगवेगळ्या पाट्यांवरून हसताना दिसला तरी कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मुज्तबा सरांच्या क्लासला मात्र धड पाटीसुद्धा नव्हती. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी बाकं टाकली होती. नवखा माणूस गल्लीच्या तोंडाशी येऊन "तारवाले सर कुठं राहतात?" असं विचारायचा आणि पानटपरीवाला मान न वळवता बोट दाखवायचा.

हे नाव पोस्टातल्या तारेवरून पडलं होतं. सर बायॉलॉजी शिकवत. बायॉलॉजी शिकवणारे लातुरात पैशाला पासरी होते, पण सरांचा खाक्या निराळा होता. धडा ते झटपट संपवत आणि उरलेलं वर्ष फक्त उत्तर कसं लिहायचं हे शिकवत.

"तार कशी लिहितात?" पहिल्याच दिवशी ते विचारत. "'आई आजारी. निघ.' झालं. कोणता आजार, कोणाचं औषध चालू आहे, शेजारीण काय म्हणाली, हे पोरगा घरी आल्यावर त्याला कळतंच. बोर्डाचा तपासनीससुद्धा तारच वाचायला बसलेला असतो. त्याच्यापुढे गठ्ठा आहे, त्याला घरी जायचंय. दोन मार्कांना दोन मुद्दे. तिसरा लिहाल तर तो फुकट जाईलच, वर पुढच्या प्रश्नाचा वेळ खाईल."

मग ते कुणाचंही उत्तर मोठ्याने वाचायला घेत. जो शब्द काढला तरी अर्थाला धक्का लागत नाही, तो शब्द आला की वर्गाने बाकावर थाप मारायची, अशी रीत होती. सुरुवातीच्या दिवसांत इतक्या थापा पडत की खालच्या मजल्यावरून त्यांची बायको रजिया ओरडायची, "अजी, छत गिराते क्या तुमे लोगां?" पोरं खो खो हसायची. दिवाळीपर्यंत थापा विरळ होत जायच्या आणि संक्रांतीनंतर वर्ग शांत व्हायचा.

सर मूळचे औशाचे. त्यांचे वडील किल्ल्याजवळच्या आळीत भांड्यांना कल्हई लावत. पोरगा डॉक्टर व्हावा म्हणून त्यांनी जन्मभर भाता हलवला, आणि पोरगा होताही तसा हुशार. पण बारावीच्या पेपरात बेडकाच्या हृदयाची आकृती काढायची होती. चित्रकलेचा हात, त्यात आवडीचा प्रश्न. मुज्तबा त्या हृदयाला छाया देत बसला, धमन्या गडद करत बसला, आणि घंटा झाली तेव्हा शेवटचे प्रश्न कोरे होते. बायॉलॉजीच्या आकृतीला छाया दिलेली चालतच नाही, हे तर त्याला पुढे बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. मेडिकल थोडक्यात हुकलं. "एका बेडकानं माझं काळीज मोडलं," असं ते वर्गात सांगत. पोरं हसत, सरही हसत. रजियाला मात्र ठाऊक होतं की निकालाच्या दिवशी सर दुपारचे जेवत नाहीत.

अशा माणसाच्या वर्गात ज्योत्स्ना आली.

तिला तिचे वडील मारोती घेऊन आले होते. ते नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणावर वॉचमन होते, अंगावर खाकी शर्ट, बोलणं बेताचं. जय भीम घालून ते उभेच राहिले. सरांनी दोनदा सांगितलं तेव्हा बाकाच्या कडेला टेकले.

"पोरगी हुशार हाय सर," ते म्हणाले. "भूकंपाच्या साली धाव्वीत व्हती. तंबूत अभ्यास केला तिनं. तरी बी तालुक्यात नाव आलं. पन अकरावीपासनं काय झालंय कळंना. पेपर पुरा व्हतच न्हाई तिचा."

औसा तालुक्यातलं त्यांचं गाव भूकंपात गेलं होतं. बायको धाकट्या मुलाच्या, भीमाच्या बाळंतपणातच वारली होती, आणि भूकंपाच्या रात्री आठ वर्षांचा भीमाही गेला. ज्योत्स्ना तेवढी वाचली. "थोडक्यात वाचली बगा," मारोती म्हणाले.

आपल्या भाषेत हा शब्द मोठा विचित्र आहे. माणूस थोडक्यात वाचतो, थोडक्यात हुकतो, आणि परीक्षेत थोडक्यात उत्तरंही लिहितो. सरांच्या तोंडी तो दिवसातून शंभरदा यायचा. तो आला की मागच्या बाकावरची ही मुलगी मान खाली घालायची, हे सरांच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

पहिल्या सराव परीक्षेत तिने निम्मा पेपर कोरा ठेवला. जेवढा लिहिला होता तो मात्र असा की नाव ठेवायला जागा नाही. दोन मार्कांच्या प्रश्नाला दीड पान. मुळाच्या टोकापासून पानापर्यंत पाणी कसं चढतं हे विचारलं होतं, तर तिने जमीन, पाऊस, वारा, रात्र, सगळं लिहिलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. सरांनी ते वर्गात वाचायला घेतलं. थापा पडू लागल्या. पोरांना मजा वाटत होती. वाचता वाचता सरांनी वर पाहिलं तर ज्योत्स्ना दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून बसली होती, आणि त्यांनी वाचणं मध्येच थांबवलं.

तास सुटल्यावर त्यांनी तिला विचारलं, "येतंय सगळं, मग थांबत का नाहीस?"

"थांबाया येत न्हाई सर. कायतरी ऱ्हायलं असं वाटतंय."

"राहू दे. विचारलं तेवढंच सांगायचं. बाकीचं आपल्यापाशी."

सरांना वाटलं, सवयीचा प्रश्न आहे, सुटेल. त्यांनी तिच्यासाठी म्हणून वेगळा सराव लावला. घड्याळ पुढ्यात, एक प्रश्न, चार ओळी, पेन खाली. पण चौथ्या ओळीला तिचं पेन थांबायचंच नाही. सर ते हातातून ओढून घेत, तर बोटं तशीच कागदावर फिरत राहायची. सर चिडत. चिडून मग स्वतःवरच वैतागत. या पोरीला मेडिकल मिळायलाच हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तेव्हा बारावीच्या मार्कांवरच सगळं ठरे, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीत ती वर्गात पहिली होती. घोडं पेंड खात होतं ते नेमकं सरांच्याच विषयात. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी इतका जीव टाकला नव्हता. बेडकाने त्यांचं जे नेलं ते या पोरीचं जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं.

दिवाळीनंतरच्या परीक्षेत एक साधा प्रश्न होता: समतापी प्राणी म्हणजे काय? शरीराचं तापमान कायम राखणारे, उदाहरणार्थ माणूस; दोन मार्क. सर दुपारी पेपर तपासत बसले होते. ज्योत्स्नाचं उत्तर इंग्रजीत सुरू झालं होतं, कारण बारावी सायन्स इंग्रजीतच. पहिल्या दोन ओळींत दोन्ही मार्क होते. सरांनी खूण केली आणि सवयीने पुढचं खोडायला पेन उचललं. पण पुढे इंग्रजी अडखळत गेलं होतं आणि अर्ध्या पानावर चक्क मराठी सुरू झालं होतं. बोर्डाच्या पेपरात मुलं इंग्रजी सुचलं नाही तर एखादा मराठी शब्द टाकतात, पण हे तसं नव्हतं. शरीर मेल्यावर किती वेळ गरम राहतं. लहान मुलाचं किती वेळ. मातीखाली असेल तर किती. अंगावर दगड असेल, वरून पाऊस झाला असेल, शेजारी दुसरं जितं माणूस असेल आणि त्याने हात धरलेला असेल, तर त्या माणसाची ऊब लागून किती. असं अडीच पानं.

सरांनी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्योत्स्नाला तासाच्या आधी बोलावलं. रजिया खाली पिको-फॉलच्या मशीनवर बसली होती. सरांनी मुलीला तिथेच बसवलं आणि पेपर समोर ठेवला.

"हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"कुटंच न्हाई सर. लई पुस्तकं बगितली. गावंना."

"मग का लिहिलंस?"

तिने मशीनच्या चाकाकडे नजर लावली. मग जे बोलली ते एकाच दमात.

"आमी दोगं एकाच वाकळंत झोपलो व्हतो सर. भिताड पडलं तवा भीमाचा हात माझ्या हातात व्हता. तोंडात माती. अंधार. लई येळानं वरनं मानसं आली, दुसऱ्या गावची पोरं. वरडली, 'आत कोन हाय?' मी म्हनलं, 'मी हाय.' त्यांनी दगडं काडली, मला वडलं. माझा हात सुटला. मी वर आले आन् मला भोवळ आली. त्यांनी मला गाडीत टाकलं आन् ती फुडच्या घराकडं पळाली. तितं कोनतरी वरडत व्हतं. मी 'आमी' म्हनले असते तर त्यांनी दोगांना काडलं असतं. त्यांनी इचारलं कोन हाय, मी म्हनलं मी. भीमाचा हात गरम व्हता सर. हात सुटला तवर गरम व्हता."

रजियाने मशीन थांबवलं होतं. सरांना उत्तर येत होतं. मेल्यावरही हात बराच वेळ गरम राहतो, हे खरं होतं. आणि जितं असतानाही हात गरमच असतो, हेही तितकंच खरं होतं. आयुष्यभर नेमकी उत्तरं लिहायला शिकवणारा तो माणूस ती अडीच पानं उलटीसुलटी करत बसला. 'विचारलं तेवढंच सांगायचं' हे आपलं वाक्य त्यांना आठवलं, आणि आपण ते या पोरीला इतके महिने रोज ऐकवत होतो, हेही.

"तुझ्या बाबांना सांगितलंस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्यांनी कदी इचारलं न्हाई."

त्या दिवसापासून सरांनी 'थोडक्यात' हा शब्द वर्गात उच्चारला नाही. तारेची गोष्टही बंद केली. पण परीक्षा काही कुणासाठी थांबत नाही, आणि बोर्डाचा पेपर फाल्गुनात यायचा तो येणारच होता. सरांना काही सुचेना. वाट काढली ती रजियाने. तिने कधी कुठल्या परीक्षेचा पेपर हातात धरला नव्हता, पण चार भावंडं तिने वाढवली होती.

"उसके पेट में बात भरी है," ती म्हणाली. "वो कलम से निकलती. पैले मेरे पास भेजो उसकू. बोलने देव. फिर लिखाव."

मग रोज तसंच ठरलं. लिहिण्याआधी ज्योत्स्ना खाली येऊन रजियाशेजारी बसायची आणि भीमाबद्दल बोलायची. भीमाला गूळ चोरून खायची खोड होती. तो 'र' म्हणायच्या जागी 'ल' म्हणायचा. शाळेत गुरुजींनी विचारलं, तुझी आई कुठंय, तर त्याने ताईकडे बोट दाखवलं होतं. पोहायला शिकायचं म्हणून तो रांजणात उतरून बसला होता आणि त्याला बाहेर काढायला दोन माणसं लागली होती. हे सांगताना ती एकदा हसलीसुद्धा. रजिया साड्यांना फॉल लावत ऐकायची, मधेच "फिर?" म्हणायची, कधी डोळे पुसायची. त्यातली कुठली गोष्ट तीन-तीनदा यायची, तरी रजियाने 'ही सांगून झालीय' असं एकदाही म्हटलं नाही. बोलून झालं की मुलगी वर जायची. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही. मग एक दिवस सरांनी पेन ओढून घ्यायला हात पुढे केला तर तिने ते आपणहून खाली ठेवलं होतं. चार ओळी झाल्या होत्या.

सर जिन्यात जाऊन उभे राहिले. ते रडत होते की हसत होते हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

बोर्डाच्या दिवशी सकाळी ती आधी रजियाकडे आली. परीक्षेला उशीर होईल म्हणून सर दारात येरझाऱ्या घालत होते, पण आत जाऊन 'पुरे' म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ती उठली, रजियाच्या पाया पडली, आणि रिक्षात बसून गेली. पेपर सुटल्यावर केंद्राच्या फाटकातून ती बाहेर आली तेव्हा सर रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर बसले होते. तिने लांबूनच मान हलवली. पेपर पूर्ण झाला होता.

निकाल लागला आणि नांदेडच्या सरकारी मेडिकलला तिचा नंबर लागला. बऱ्याच वर्षांनी सर निकालाच्या दुपारी जेवले.

पेढे घेऊन मारोती एकटेच आले. ज्योत्स्ना आत्याकडे, केवळाबाईकडे गेली होती. भूकंपानंतर दवाखान्यात तिच्या उशाशी हीच आत्या बसून होती, आणि लातुरात शिकताना ती राहायलाही तिच्याकडेच होती. पेढ्याचा पुडा सरांच्या हातात देऊन मारोती बाकाच्या कडेला टेकले. आनंदाचं काही बोलतील असं सरांना वाटलं होतं, पण ते नुसते आपल्या तळहातांकडे बघत बसले.

"सर, एक इचारू का?" ते म्हणाले. "तुमच्यापाशी, चाचीपाशी ती बोलती. माझ्यासंगं बोलत न्हाई. इचारलं तेवड्याला हाव न्हाई म्हनती, बास. ती माझ्यावर राग धरून हाय का? एवडंच सांगा."

"राग कशाचा, मारोतराव?"

"घराचा." मारोती म्हणाले. "आमच्या वस्तीत समद्यांची कुडाची घरं व्हती. मला नोकरी लागली तवा मी पयल्यांदा दगडाचं बांधलं. गावातल्या मोठ्या लोकांचं असतंय तसं. माझी पोरं दगडाच्या घरात ऱ्हातील म्हनून लई मिरवलो. त्या रातीला कुडाची घरं नुसती हालली. त्यातली मानसं उटून भाईर आली. माझंच तेवडं पडलं. आन् मी तितं धरनावर. एस्ट्या बंद, रस्ता बंद. पोचलो तवा दुसरा दिवस. समद्यांना येकाच जागी अग्नी दिलता. भीमाचं तोंड बी बगाया गावलं न्हाई मला."

त्यांनी विचारलेला प्रश्न दोन मार्कांचा होता. 'नाही' एवढं म्हणून भागलं असतं, आणि ते खरंही होतं. सरांनी रजियाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मुलीने विश्वासाने सांगितलेलं आपण सांगावं की नाही, हे ठरवायला त्यांच्यापाशी दुसरा कुणी नव्हता. एका घरची दोन माणसं, दोघंही 'माझ्यामुळे' म्हणून आतल्या आत जळत होती, आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. सरांना ते सहन झालं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. वाकळ, हात, वरून आलेला आवाज, 'मी' आणि 'आमी'. न विचारलेलंही सगळं सांगितलं.

मारोती ऐकत राहिले. मग उठले, टोपी घातली, आणि म्हणाले, "ॲडमिशनला तुमी चला आमच्यासंगं."

लातूरहून नांदेडच्या एसटीत तिघं बसले. कॉलेजात कागद जमा झाले, हॉस्टेलची खोली मिळाली. संध्याकाळ व्हायला वेळ होता. मारोती म्हणाले, धरण बघून जा सर, वाटेतच हाय. माझी खोली बी बगा. विष्णुपुरीला उतरून ते बांधावर गेले. पलीकडे गोदावरीचं पाणी लांबवर पसरलं होतं. एक मासेवाला काठाशी जाळं झटकत होता. सर चार पावलं मागे राहिले. बाप-लेक पुढे उभे होते, एकमेकांकडे न बघता पाण्याकडे बघत.

"जोत्स्ने," मारोती म्हणाले. "भीमा तवाच गेलता बग."

ती हलली नाही.

"भिताड पडलं तवाच. त्याला काय बी कळलं न्हाई. डोस्क्याला लागलं व्हतं, हितं." त्यांनी स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवलं. "मीच उचलला की त्याला. या हातानं. झोपेतच गेलता. तोंड निवांत व्हतं. तू काय बी म्हनली असती तरी तो गावला नसता. तू मनाला लावून घेऊ नको."

सर आणखी एक पाऊल मागे सरकले. मारोतींचा आवाज मात्र सरळ होता. ते बोलत राहिले. भीमाला कसा उचलला, त्याच्या अंगावर कोणता सदरा होता, त्याच्या हातातला काळा दोरा कसा सोडून घेतला. कधी कुणाशी चार वाक्यं न बोलणारा तो माणूस न पाहिलेलं सगळं बारीकसारीक सांगत होता. मग तो घराबद्दल बोलला. दगडाचं घर मीच बांधलं, त्या दगडांपायी झालं, हेही म्हणाला. तेव्हा मात्र त्याचा आवाज फाटला.

ज्योत्स्नाने बापाचा हात धरला. "बाबा, बास," ती म्हणाली. "पटलं मला. तुमच्या घरानं काय बी केलं न्हाई." आणि बाप रडायला लागला तशी तीही रडली, मोठमोठ्याने, लहान मुलीसारखी. जाळं झटकणारा मासेवाला थांबून बघत राहिला. मुज्तबा सरांना वाटलं, सुटली पोरगी. खोट्याने का होईना, सुटली.

नंतर मारोती चहा सांगायला रस्त्यावरच्या हॉटेलात गेले. सर आणि ती लातूरच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभे राहिले. तिचे डोळे सुजले होते, पण बोलणं शांत होतं.

"सर, तुमीच सांगितलं न्हवं त्यांना?"

"हो. मला राहवलं नाही."

तिने मान डोलावली. तिला राग आला नव्हता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा दुसऱ्या दिसी आलते. आत्यानं दवाखान्यातच सांगितलं व्हतं मला. भीमाला आमच्यातल्या कोनीच बगितलं न्हाई."

सर तिच्याकडे वळले. "मग तू त्यांना... पटलं म्हणालीस?"

"मग काय म्हनू?" ती हॉटेलच्या दिशेने बघत होती. तिथे मारोती कपबशा धूत उभ्या असलेल्या पोऱ्याला हातवारे करून काहीतरी सांगत होते. पोरीला मेडिकल लागल्याचंच असणार. "आई गेल्यापासनं बाबा माझ्यासंगं कदी इतकं बोललेच न्हवते सर. एवडं सगळं मनानं जुळवून आनलं त्यांनी. आता त्यांना झोप लागंल."

"आणि तुला?"

ती कप घ्यायला पुढे झाली. मारोती तीन कप सांभाळत आले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता, वय उतरल्यागत दिसत होतं. "पोरी, आज माझ्या खोलीवर ऱ्हा, उद्या सोडतो होस्टेलला," ते म्हणाले. "जेवाया काय करू?" ती हसली आणि म्हणाली, "तुमी कराल ते." तेवढ्यात गाडी आली. सरांनी चहा घाईने संपवला, जिभेला चटका बसला. मारोतींनी त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेनात, आणि कंडक्टर ओरडायला लागला.

खिडकीतून सरांनी मागे पाहिलं. बाप काहीतरी सांगत होता आणि मुलगी मान वर करून ऐकत होती. लोह्याचा थांबा येईपर्यंत मुज्तबा सर खिडकीकडे तोंड करून रडत होते. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोन गेलं का?" सरांनी मानेनेच हो म्हटलं, आणि मग नाही म्हटलं.